त्रेसष्ट दिवस हाती असतात



या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे विषय होत आले आहेत. त्या रांगेत यंदा घरच्या कुत्रीचं बाळंतपण हा विषय ठेवल्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. मी पशुवैद्य आहे, लहान जनावरांचा दवाखाना चालवतो. तिथे वर्षानुवर्षं जे दिसतं, ते मला आज मांडायचं आहे.

आजारी कुत्रा घेऊन आलेला माणूस सरळ आत येतो. न ठरवता गाभण राहिलेल्या कुत्रीचा मालक मात्र बाकीचे जाईपर्यंत बाकावर थांबतो. मग हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, यावर काही इंजेक्शन मिळतं का?" कधी झालं म्हणून विचारलं की सांगतो, "झाला असेल महिना-दीड महिना." म्हणजे घरात माहीत होतं. गच्चीवर, फाटकापाशी, सुट्टीत गावी नेलं तेव्हा वाड्यामागे, कुणीतरी पाहिलं होतं. पण कुत्रा रस्त्यावरचा, आपली लॅब्रॅडॉर कागदपत्रांची. शेजारी काय म्हणतील, सोसायटीत काय तोंड दाखवायचं, या विचारात सगळे गप्प बसले. कुत्रीचं गाभणपण सरासरी ६३ दिवसांचं असतं. त्यातले चाळीस असे लाजेत गेले की उरते ती नुसती धावपळ. नवजात पिल्लं दगावण्याची कारणं पुस्तकांत पुष्कळ दिली आहेत. मी जे पाहतो त्यात या गप्प बसण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि तोच मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

तेव्हा पहिलं काम, तारीख लिहिणं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.

ही तारीख कशी चुकते तेही सांगतो. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. सुरुवातीचे आठ-नऊ दिवस रक्त जातं, कुत्रे मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. मग रक्ताचा रंग फिका पडतो आणि घरातले म्हणतात, "संपलं एकदाचं." पट्टा सैल होतो, दार उघडं राहतं. प्रत्यक्षात नर जवळ करण्याचे दिवस तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं गावातला प्रत्येक जण जाणतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीला असतो हे खरंच आहे. पण घरात वाढलेली कुत्री चैत्रातही माजावर येते, पौषातही. भाद्रपद गेला म्हणून निर्धास्त झालेली घरं मला दर उन्हाळ्यात भेटतात.

नर-मादी अडकलेली दिसली तर काठी, पाणी, ओरडा, ओढाओढ यातलं काही करू नका. ती गाठ पाच मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत राहते आणि आपोआप सुटते. ओढल्यानं दोघांना इजा होते आणि गर्भ राहायचा तो राहतोच. त्यानंतरही माज संपेपर्यंत तिला घरातच ठेवा. एकाच माजात ती दुसरा नरही घेऊ शकते आणि एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. नराचं बीज तिच्या शरीरात आठवडाभर टिकू शकतं, म्हणून ६३ ही सरासरी धरा आणि संबंधाच्या दिवसापासून ५८ ते ६८ या टप्प्यात सावध राहा.

आता त्या इंजेक्शनचा प्रश्न. त्याला बगल देणं बरोबर नाही. पूर्वी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं सर्रास दिली जात. त्यानं गर्भाशयात पू होतो, हाडांतला मगज रक्त तयार करेनासा होतो, आणि कुत्री त्यात जाऊ शकते. कुणी आजही ते सहज टोचायला निघालं तर नको म्हणा. ॲग्लेप्रिस्टोन नावाचं तुलनेनं सुरक्षित औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं आणि त्यालाही दिवसांची मर्यादा आहे. तिसरा मार्ग गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा. ती गाभणपणातही करता येते, आणि जितकी लवकर तितकी सोपी. कुत्री म्हातारी आहे, आजारी आहे, स्वतःच अजून पिल्लू आहे, किंवा घरात पिल्लं वाढवायची ताकदच नाही, तर हा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला कुणी निर्दय म्हणू नये. मी कधीच म्हणत नाही. पण हे सगळे पर्याय पहिल्या महिन्यात मोकळे असतात. पन्नासाव्या दिवशी आलेल्या माणसाला बहुधा एकच वाट उरते.

आणि आधी ती खरंच गाभण आहे का, हे बघा. कुत्रीच्या शरीराची एक विचित्र तऱ्हा आहे. गर्भ राहो वा न राहो, माजानंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉन जवळजवळ सारखंच चढलेलं असतं. त्यामुळे गर्भ नसतानाही सड सुजतात, दूध येतं, ती चिंध्या गोळा करते, एखादा मोजा पोटाशी घेऊन बसते. साधारण २८व्या दिवशी सोनोग्राफी करून घेतली की खरं-खोटं कळतं, गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात. पिल्लं किती हे मात्र सोनोग्राफीत नीट मोजता येत नाही. त्यासाठी ५५व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढा. तोवर हाडं धरलेली असतात, डोकी आणि कणे मोजता येतात. या एका आकड्याची किंमत बाळंतपणाच्या रात्री कळते. सात मोजली होती आणि सहा आली, तर काम संपलेलं नाही हे पहाटे तीन वाजता तुम्हाला ठाऊक असतं.

खाण्याच्या बाबतीत घरातली वडीलधारी मंडळी फार मायेनं पुढे येतात. आजी म्हणतात, लेकुरवाळी होणार, दोन जिवांची आहे, द्या तिला डिंकाचे लाडू. त्या मायेचा मी आदर करतो, पण लाडवात मनुका असतात आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पहिले पाच-साडेपाच आठवडे तिचा आहार नेहमीइतकाच ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत तो हळूहळू वाढवत दीडपटीपर्यंत न्या, पण थोडं थोडं करून चार वेळा द्या, कारण पोटात पिल्लांनी जागा घेतलेली असते. बाजारात पिल्लांसाठी मिळणारं खाद्य या काळात आईलाही चालतं. अंडी, कोंबडी, भात यांवर वाढलेली असेल तर तेच चालू ठेवून डॉक्टरांशी बोला.

कॅल्शियमबद्दल मी जरा आग्रहानं बोलणार आहे. गाभणपणात वरून कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका. बाहेरून सतत मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दूध भरात असताना, रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. कुत्री धापा टाकते, अस्वस्थ फिरते, पिल्लांकडे बघत नाही, पाय ताठ होतात, थरथर सुटते, झटके येतात. आपल्याकडे ज्यांना सरसकट पॉमेरियन म्हणतात त्या छोट्या पांढऱ्या कुत्र्यांत, पिल्लं जास्त असली की, हे फार दिसतं. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की डोळ्यांदेखत ती शांत होते. उशीर झाला तर जाते.

औषधांचंही तसंच. घरात गोचीडतापाच्या वेळच्या गोळ्या उरलेल्या असतात, त्या गाभण कुत्रीला स्वतःच्या मनानं देऊ नका. जंताचं औषध मात्र विचारून घ्या. गोल जंतांच्या अळ्या शेवटच्या तीन आठवड्यांत वारेतून पिल्लांत उतरतात, म्हणून पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येऊ शकतं. त्यालाही दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध लागतं.

जागा दहा-बारा दिवस आधी ठरवा आणि तिला तिथे झोपायची सवय लावा. नाही तर ती पलंगाखाली, कपाटात किंवा जिन्याखालच्या सायकलीमागे स्वतःची जागा ठरवते. फ्रिजचं खोकं कापून चालतं, प्लायवुडची पेटी असली तर उत्तम. ती अंग पसरून आडवी होईल एवढी लांबी-रुंदी, पिल्लू बाहेर पडणार नाही एवढी उंची. आतून चारी बाजूंना, जमिनीपासून तीन-चार इंच वर, पीव्हीसी पाइपची कड लावा. आई पाठ टेकून बसते तेव्हा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडलेलं पिल्लू त्या कडेखाली वाचतं. एवढ्याशा पाइपनं किती जीव वाचतात हे मोजायला कुणी बसत नाही, पण मी ते न सांगता कुणालाही दवाखान्यातून सोडत नाही. खाली वर्तमानपत्रांचे जाड थर, वर जुन्या सुती चादरी. फिनाईलनं पुसू नका.

आणि मुंग्या! परदेशी पुस्तकांत हे सापडत नाही, पण आपल्या घरांत नवजात पिल्लांचा हा मोठा शत्रू आहे. वारेच्या, दुधाच्या वासानं लाल मुंग्यांची रांग लागते आणि आंधळं, बहिरं पिल्लू काहीच करू शकत नाही. पेटीला विटांचे किंवा लाकडी पाय करून ते पाण्याच्या वाट्यांत ठेवा, ओल्या चादरी लगेच बदला. पेटीजवळ कीटकनाशक खडूच्या रेघा मारू नका. ते विष आई चाटते आणि तिच्याकडून पिल्लांपर्यंत जातं.

५८व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप पाहा. नेहमी तो १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो ९९च्या खाली आला की बहुतेक वेळा चोवीस तासांत ती विते. खाणं सोडते, चादर उकरते, थरथरते, धापा टाकते. हा पहिला टप्पा सहा ते बारा तासांचा, पहिलारू असेल तर आणखी लांबतो. या वेळी घरात एकच माणूस तिच्याजवळ असावा, जो तिला सगळ्यात जवळचा. शेजारची मुलं, नातेवाईक, मोबाइलवर चित्रीकरण करणारे तरुण यांना प्रेमानं पण ठामपणे बाहेर ठेवा. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात.

मग कळा जोर धरतात, पाणमोट दिसते, पिल्लू येतं. मागचे पाय आधी आले तरी घाबरू नका, बरीच पिल्लं तशीच येतात. आई पडदा फाडते, नाळ तोडते, चाटते. तिनं मिनिटभरात पडदा फाडला नाही तर तुम्ही फाडा, तोंड-नाक पुसा, स्वच्छ टॉवेलनं अंग जोरात चोळा. पिल्लू उलटं धरून झटके देण्याची जुनी पद्धत सोडून द्या, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ तोडावी लागली तर पोटापासून इंचभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधून पलीकडे कापा आणि टोकाला आयोडीन लावा. बाकी वेळ हात मागे ठेवा. दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जाणं नेहमीचं आहे, आणि ती शांत झोपून आधीचं पिल्लू पाजत असेल तर थोडा जास्त वेळही.

धावायचं कधी, हे मात्र पाठ करून ठेवा. जोरदार कळा अर्धा तास चालल्या आणि पिल्लू आलं नाही तर. एक्स-रेप्रमाणे आत पिल्लं आहेत आणि दोन तास काहीच नाही तर. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर, कारण त्याचा अर्थ वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे. ताप उतरून चोवीस तास झाले आणि कळांचा पत्ता नाही तर. या सगळ्यांत एका गोष्टीपासून तिला जपा. गोठ्यात गाय पान्हवण्यासाठी जे इंजेक्शन गैरमार्गानं वापरतात, ते ऑक्सिटोसिन कुणी माहीतगार म्हणून घरी येऊन टोचतं. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं. ते कधी द्यायचं हे तपासून डॉक्टरच ठरवू शकतात.

म्हणून रात्री सिझेरियन कुठे होतं हे चौकशी करून आधीच लिहून ठेवा. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय असेलच असं नाही. जवळच्या मोठ्या शहरातला दवाखाना, किंवा परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जवळ असेल ते, तिथे कोणत्या वेळी काय मिळतं ते विचारा, आणि गाडी कुणाची, हेही ठरवा. काही जातींत ही तयारी जास्तच लागते. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि त्यानंतर पग घरोघरी आले. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत पिल्लाचं डोकं मोठं आणि आईचा श्वास अपुरा, म्हणून शस्त्रक्रियेची वेळ वारंवार येते. अशी कुत्री गाभण राहिली असेल तर हा विचार पहिल्याच भेटीत करायचा.

पिल्लं आली की पहिला आठवडा उबेचा आणि दुधाचा. नवजात पिल्लाला थंडीनं कुडकुडताही येत नाही, शरीराची ती क्षमता अजून आलेली नसते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा ८५ ते ९० फॅरनहाइट लागते. आता तुम्ही म्हणाल, विदर्भात मे महिन्यात ऊब कसली मागता! बरोबर आहे, तिथे उलटी काळजी घ्यावी लागते. पिल्लं पसरून, तोंड उघडून पडली असतील तर त्यांना उकडतं आहे. पण कूलरचा ओला झोत थेट पेटीवर सोडला की बाहेर ४४ अंश सेल्सिअस असतानाही पिल्लं गारठतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कूलरचं तोंड भिंतीकडे वळवा. नाशिक-पुण्याच्या थंडीत पेटीच्या एका बाजूला कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे पिल्लू हवं तिथे सरकतं.

पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. रोगांपासूनचं संरक्षण त्यातून मिळतं आणि दिवसभरानंतर पिल्लाचं आतडं ते घेईनासं होतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. मला एखादाच सल्ला द्यायची परवानगी असती तर मी हा दिला असता. वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं वाढत नसेल, उतरत असेल, तर दुखणं दिसायच्या आधी काटा सांगतो. कुशीबाहेर पडून सतत केकाटणारं पिल्लू बहुधा उपाशी असतं किंवा गार पडलेलं असतं.

वरचं दूध द्यावं लागलं तर गाईचं दूध पुरत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लांसाठीची पावडर मिळते, ती आधीच आणून ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. थंड पोटात ते पचत नाही. आणि तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पालथं ठेवून, मान किंचित वर करून पाजा.

आईकडेही बघा. गंधहीन, तपकिरी-लालसर स्राव काही आठवडे जातो, ते चालतं. दुर्गंधी, ताप, सडाला गाठ किंवा गरमपणा आला तर दाखवा. दूध भरात असताना तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. या दिवसांत तिचं खाणं तोडणं म्हणजे पिल्लांचं तोडणं.

डोळे दहा-चौदा दिवसांत उघडतात, मग कान. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ खाणं सुरू करा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी, त्यानंतरच्या मात्रा आणि तीन महिन्यांनी रेबीजची लस. तोवर त्यांना रस्त्यावरच्या मातीत सोडू नका, पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो.

आता घरांचा प्रश्न, आणि इथे मला तुमचं सगळं लक्ष हवं आहे. घरं शोधायला पिल्लं पंचेचाळीस दिवसांची झाल्यावर निघायचं नसतं, एक्स-रेत आकडा कळला त्या संध्याकाळी निघायचं. पाचवा आठवडा उलटला की आठ पिल्लं घरभर धावू लागतात, सोसायटीतून निरोप येतो, आणि मग "जो मागेल त्याला" अशी पाळी येते. पोतं, रिक्षा आणि रात्रीची भाजी मंडई या वाटेनं गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. उपासमार होईल अशा रीतीनं जनावर सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. या आठ आठवड्यांमागे भक्कम कारण आहे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी नातं जोडायला शिकतं, हे त्यांनी दाखवलं. आई आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला ते याच काळात शिकतं. म्हणून कुकरची शिट्टी, ढोल, छत्री, म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळ्यांची ओळख तुमच्याच घरात होऊ द्या. घाबरट, चावरा म्हणून पुढे टाकून दिल्या जाणाऱ्या कुत्र्यांची मुळं पुष्कळदा या आठवड्यांत असतात.

बाप रस्त्यावरचा होता हे नव्या घराला मोकळेपणानं सांगा. त्यात कमीपणा काही नाही. गावठी कुत्रा आपल्या हवेत, आपल्या अन्नावर पिढ्यान् पिढ्या तगून राहिलेला आहे. पिल्लू देताना त्या घरी एकदा जाऊन या, लसीचं कार्ड द्या, आणि वयात येण्याआधी नसबंदी करून घेण्याचं वचन घ्या. जमलं नाही तर परत माझ्याकडेच आणा, असंही सांगा.

शेवटी, तिच्यासाठी एक तारीख. पिल्लांचं दूध तुटलं, सड आटले की महिन्याभरानं तिची शस्त्रक्रिया करता येते, म्हणजे व्यायल्यापासून साधारण तीन महिन्यांनी. त्यापुढे लांबवू नका, कारण चौथ्या-पाचव्या महिन्यात ती पुन्हा माजावर येऊ शकते. घरी एखादा नर ठेवून घेतला असेल तर तोही सहा-सात महिन्यांत वयात येऊ लागतो आणि आई-बहीण हा भेद त्याला नसतो. कालनिर्णयावर दोघांचीही तारीख लिहा.

पुढची वीस मिनिटं प्रश्नांसाठी आहेत. ज्यांच्या घरी आत्ता कुत्री गाभण आहे त्यांनी आधी विचारावं. दिवस कितवा, तेवढं सांगा म्हणजे मला नेमकं बोलता येईल.